हजेरीपटावरचा फुटबॉल

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. एक घोड नदीच्या काठचा, दुसरा भीमेच्या; आणि घोड पुढे भीमेलाच मिळते. दोन्हीकडे मोठा उद्योग आला, पण वेगवेगळ्या शतकांत आला. दौंडला तो रेल्वेच्या रूपाने एकोणिसाव्या शतकात आला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, दौंडचे जंक्शन झाले आणि गावाशेजारी रेल्वे वसाहत वाढली. शिरूर तालुक्यात कारखाने आले ते विसावे शतक सरताना, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत. महागणपतीच्या दर्शनाला येणारी गर्दी तेथे पूर्वीपासून होतीच. आता तिच्या जोडीला तीन पाळ्यांत ये-जा करणारी दुसरी गर्दी आहे.

दौंडच्या जुन्या माणसांशी बोलताना रेल्वे वसाहतीतल्या हॉकीच्या आणि फुटबॉलच्या गोष्टी हमखास निघतात. कोण ड्रायव्हर कोणत्या जागी खेळायचा, कोणाला खेळावर नोकरी लागली, कोणाची बदली झाल्यामुळे संघ उघडा पडला. रांजणगावच्या गोष्टी वेगळ्या असतात. तेथे मोटारी, धुलाई यंत्रे आणि फ्रीज बनतात, हजारो तरुण राबतात. पण अमुक कारखान्याचा संघ खेळतो आहे आणि रस्त्याकडेला गर्दी करून लोक तो पाहत आहेत, असे चित्र दिसत नाही. एवढी तरणी माणसे एका ठिकाणी असताना तेथे संघ का उभा राहिला नाही, या प्रश्नाने मला या विषयाकडे ओढले.

मी शिक्षणाने इतिहासकार नाही. आयटीआयचा अभ्यासक्रम करून कारखान्यात काम केलेला माणूस आहे. वाचनालये, जुनी वर्तमानपत्रे, स्पर्धांच्या विजेत्यांच्या याद्या आणि माणसांच्या आठवणी, एवढ्यावर माझा अभ्यास चालतो. या वाचनातून एक गोष्ट पटत गेली. कारखान्याच्या संघाचा इतिहास चषकांच्या यादीत शोधू नये. खेळाडूचे नाव कंपनीच्या कोणत्या वहीत लिहिलेले होते, हे आधी पाहावे. ते हजेरीपटावर होते की जाहिरातीच्या खर्चात, यावरून त्या संघाचे आयुष्य बरेचसे ठरत आले आहे. मुंबईच्या महिंद्र युनायटेडची कहाणी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. आणि ती नीट कळावी म्हणून सोबत रशियातल्या एका मालमोटारींच्या कारखान्याच्या संघाची.

गिरणीतला खेळ

फुटबॉलचे आज जगभर गाजणारे कितीतरी संघ कामगारांनी सुरू केले. मँचेस्टर युनायटेडचा जन्म १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात झाला. आर्सेनल १८८६ मध्ये लंडनजवळच्या वूलिच येथील शस्त्रांच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला. नावातच कारखाना आहे. हॉलंडमधला पीएसव्ही म्हणजे फिलिप्स कंपनीचा १९१३ चा क्रीडा संघ. इटलीतला युव्हेन्टस कामगारांनी काढलेला नव्हे, पण १९२३ पासून तो फियाट मोटारींच्या आन्येली घराण्याच्या छायेत वाढला.

रशियात हा खेळ कापडगिरणीच्या वाटेने रुजला. मॉस्कोच्या पूर्वेला ओरेखोवो-झुयेवो येथे मोरोझोव घराण्याच्या प्रचंड गिरण्या होत्या. जानेवारी १८८५ मध्ये तेथे मोठा संप झाला. मजुरीतून कापल्या जाणाऱ्या दंडाविरुद्धचा तो उठाव इतका गाजला की, पुढच्याच वर्षी झारच्या सरकारला दंडांवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. याच गिरण्यांत पुढे हॅरी चार्नॉक नावाचा लँकशायरचा इंग्रज व्यवस्थापक होता. कामगारांनी सुट्टीचा दिवस दारूत आणि सभांत घालवण्याऐवजी मैदानावर घालवावा, असा व्यवस्थापनाचा हिशेब होता. या गिरणीच्या संघाने १९१० ते १९१३ अशी सलग चार वर्षे मॉस्कोची लीग जिंकली. मालकाचा हेतू काहीही असो, संघ मात्र कामगारांना आपला वाटू लागला. कारखान्याच्या खेळात हे दुहेरीपण पहिल्यापासून आहे.

मुंबईची गोष्ट थोडी वेगळी. इथे फुटबॉल आणला तो लष्कराने. रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला आणि पहिली कित्येक वर्षे तो गोऱ्या पलटणींचाच होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला तेव्हा कुठे त्यावर पहिल्यांदा भारतीय संघाचे नाव लागले. गिरणगावातल्या मराठी कामगाराचा खेळ कबड्डी. गल्लीत, मोकळ्या पटांगणात, बूट-जाळीशिवाय खेळता येणारा. फुटबॉल अधिक करून गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती तरुणांत, बंदर आणि रेल्वेच्या वस्त्यांत, कचेऱ्यांत वाढला. त्यामुळे मुंबईत फुटबॉलचे संघ उभे राहिले ते कंपन्यांचे : टाटा, कॅल्टेक्स, पुढे मफतलाल, ओर्के मिल आणि महिंद्र. कूपरेजच्या मैदानावर संध्याकाळी जे सामने होत, त्यांत एका कंपनीचे कर्मचारी दुसऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांविरुद्ध उतरत.

मेलबर्न, १९५६

या सगळ्याचा गाभा एका स्पर्धेत दिसतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने फुटबॉलमध्ये चौथा क्रमांक मिळवला. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना आपण ४-२ असा जिंकला, आणि त्यात नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. मूळ गोव्याचा हा मुंबईकर टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि कॅल्टेक्सकडून खेळला. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स चषकही जिंकला. त्याच भारतीय संघात पी. के. बॅनर्जी होते. ते ईस्टर्न रेल्वेचे कर्मचारी. १९५८ मध्ये त्यांच्या ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तिघांना बाजूला सारून ती लीग पुन्हा दुसऱ्या कोणी जिंकायला २०१९ साल उजाडावे लागले, यावरून त्या विजयाचे मोल कळावे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये बॅनर्जी भारताचे कर्णधार होते.

मेलबर्नचे सुवर्णपदक सोव्हिएत संघाने जिंकले. त्या संघात एकोणीस वर्षांचा एदुआर्द स्त्रेल्त्सोव होता. तोही मुळात कारखान्यात काम करणारा मुलगा. सोळाव्या वर्षापासून तो तोर्पेदो मॉस्कोकडून खेळत होता, आणि तोर्पेदो म्हणजे मॉस्कोच्या मालमोटारींच्या कारखान्याचा संघ. कारखान्याचे नाव आधी स्तालिनचे होते. १९५६ मध्येच ते बदलून जुने संचालक लिखाचोव यांचे देण्यात आले आणि तो झिल म्हणून ओळखला जाऊ लागला. अंतिम सामन्यात स्त्रेल्त्सोवला खेळवले नाही, म्हणून त्याला पदक मिळाले नाही. तेव्हा पदके अंतिम सामन्यातल्या अकरा जणांनाच मिळत.

टाटाचा डिसूझा, रेल्वेचे बॅनर्जी आणि झिलचा स्त्रेल्त्सोव हे तिघे एकाच स्पर्धेत असणे हा योगायोग म्हणता येणार नाही. ऑलिंपिकचा त्या काळचा नियमच असा होता की, खेळून पैसे घेणाऱ्याला प्रवेश नाही. खेळाडू हौशी हवा. पण हौशी माणसालाही पोट असते. भांडवलशाही मुंबईने आणि साम्यवादी मॉस्कोने या अडचणीवर एकच तोड काढली : खेळाडूला नोकरी द्या. हजेरीपटावर तो कारकून, फिटर किंवा मदतनीस; सरावासाठी अर्धा दिवस सवलत, स्पर्धेसाठी विशेष रजा. त्या काळचा हा उघड व्यवहार होता आणि कोणाला त्यात गैर वाटत नसे.

व्यवहार खेळाडूच्या बाजूनेही चोख होता. फुटबॉलपटूची कारकीर्द तिशी-बत्तिशीत संपते. गुडघा त्याआधीही जातो. पण हजेरीपटावरचे नाव खेळ संपल्यावर पुसले जात नसे. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, निवृत्तीपर्यंतचा पगार आणि कँटीनमध्ये जुना गडी म्हणून मिळणारा मान, हे सगळे मागे राहत असे. पोराला खेळू द्यावे की नाही, हे आईबाप यावरून ठरवत.

स्त्रेल्त्सोवच्या आयुष्यात हे नाते फार टोकाच्या परिस्थितीत कसाला लागले. १९५८ मध्ये बलात्काराच्या आरोपाखाली त्याला अटक झाली आणि बारा वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्याबद्दल रशियात आजही वाद आहे आणि तो सोडवणे माझ्या आवाक्यातले नाही. इथे मुद्दा एवढाच की, १९६३ मध्ये सुटून आल्यावर तो पुन्हा झिलमध्ये कामाला लागला. मोठ्या संघात खेळायला बंदी होती, तेव्हा तो कारखान्याच्या हौशी संघात खेळला. १९६५ मध्ये तोर्पेदोचे दार पुन्हा उघडले आणि त्याच वर्षी तोर्पेदोने सोव्हिएत लीग जिंकली. १९६० नंतरचे हे त्यांचे दुसरे विजेतेपद. मैदानाने नाकारलेल्या माणसाला मधली दोन वर्षे कारखान्याने धरून ठेवले होते. खेळ हाच ज्याचा धंदा, अशा संघाकडे असे धरून ठेवण्याची जागाच नसते.

जीपवाले

महिंद्र अँड महिंद्र कंपनीची सुरुवात १९४५ ची. १९४७ मध्ये तिने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि तेव्हापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत महिंद्र म्हणजे जीप हे समीकरण बसले. आमच्या भागात तर लग्नाचे वऱ्हाड, निवडणुकीचा प्रचार आणि बाजारचा माल यांपैकी काहीही जीपशिवाय हलत नसे. या कंपनीने १९६२ मध्ये आपला फुटबॉल संघ उभा केला. मुंबईच्या मैदानांवर तो दुसऱ्या कंपन्यांच्या बरोबरीने वाढला. वर्तमानपत्रे त्याला जीपमेन म्हणत. आपण जीपवाले म्हणू.

या संघाच्या आयुष्याचे दोन खंड पडतात. पहिला खंड कंपनीच्या नावाने खेळण्याचा. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि गिरणगाव त्यातून पुन्हा उभे राहिले नाही. कापडाच्या पैशावर चाललेल्या खेळाचा आधार त्यानंतर खचत गेला. मोटार कंपनी मात्र टिकली आणि तिचा संघही. १९९८ मध्ये महिंद्रने दिल्लीत ड्युरँड चषक जिंकला. १८८८ पासूनची ही भारतातली सर्वांत जुनी स्पर्धा.

दुसरा खंड १९९६ नंतरच्या बदलांतून आला. त्या वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. पहिली लीग पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटी या कापडगिरणीच्या संघाने जिंकली. म्हणजे सुरुवात कारखान्याच्याच नावाने झाली. पण लीगमुळे खेळाचे गणित बदलले. देशभर प्रवास, परदेशी खेळाडू, पूर्णवेळ प्रशिक्षक, करारावरचे पगार. अर्धा दिवस खात्यात आणि अर्धा दिवस मैदानावर असलेला खेळाडू यात मागे पडू लागला. २००० मध्ये जीपवाल्यांचे नाव महिंद्र युनायटेड झाले. नावातला हा बदल लहान दिसतो. कंपनीचा संघ आता कंपनीच्या नावाचा क्लब झाला होता.

खेळाच्या दृष्टीने ही त्याची सर्वोत्तम वर्षे. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ मध्ये फेडरेशन चषक, २००५ मध्ये पुन्हा फेडरेशन चषक. मग २००५-०६ च्या हंगामात गोव्याचे प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या हाताखाली राष्ट्रीय लीगचे विजेतेपद. ब्राझीलचा होझे बॅरेटो आणि घानाचा युसुफ याकुबू हे त्या संघाचे गोल करणारे हुकमी खेळाडू; खालिद जमील आणि स्टीव्हन डायस यांच्यासारखे मुंबईचे खेळाडूही या संघातून खेळले. तोवर ही लीग पंजाब, बंगाल आणि गोवा यांच्यातच फिरत होती. महाराष्ट्रातल्या संघाने ती जिंकण्याची ही पहिली वेळ. २००७ मध्ये हा संघ एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला, २००८ मध्ये तिसऱ्यांदा ड्युरँड जिंकला.

आणि २०१० मध्ये तो बंद झाला. संघ खालच्या श्रेणीत घसरला नव्हता, कंपनी तोट्यात नव्हती. हंगाम संपल्यावर संघ विसर्जित होईल आणि कंपनी यापुढे शालेय फुटबॉलवर लक्ष देईल, असे जाहीर करण्यात आले. अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ एका निवेदनाने संपला. त्याच वर्षी याच कंपनीचा नवा मोठा कारखाना चाकणला सुरू झाला. चाकणहून निघालेला रस्ता शिक्रापूरला येतो आणि शिक्रापूर आमच्या शिरूर तालुक्यात आहे. म्हणजे जीपवाले आमच्या दाराशी आले त्याच वर्षी त्यांचा संघ मुंबईत मोडला.

कंपनीला दोष द्यावा असे मला वाटत नाही. राष्ट्रीय लीगमधला संघ चालवायचा खर्च मोठा, तिकिटांचे उत्पन्न नगण्य, आणि शाळेतल्या मुलांवर खर्च करणे हे तर चांगलेच काम. मला महत्त्वाचे वाटते ते संघ बंद करणे किती सोपे होते, हे. १९६२ च्या पद्धतीचा संघ मोडायचा तर अकरा कामगारांचे काय करायचे, हा प्रश्न युनियनपर्यंत गेला असता. ते कामावर राहिले असते आणि रविवारी खेळले असते. करारावरच्या संघात करार संपला की प्रश्नही संपतो.

मॉस्कोतले तेच वर्ष

तोर्पेदोचे पुढे काय झाले हे पाहिले की ही गोष्ट एका कंपनीची उरत नाही. १९७६ मध्ये तोर्पेदोने तिसऱ्यांदा लीग जिंकली होती. सोव्हिएत संघराज्य १९९१ मध्ये विसर्जित झाले, झिलच्या मालमोटारींची मागणी कोसळली आणि १९९६ मध्ये कारखान्याने संघ लुझ्निकी स्टेडियमच्या कंपनीला विकला. त्याच वर्षी कारखान्याशेजारच्या संघाच्या जुन्या मैदानाला स्त्रेल्त्सोवचे नाव देण्यात आले. नाव मैदानाला मिळाले आणि संघ दुसरीकडे गेला.

कारखान्यातल्या लोकांना हे सहन झाले नाही. १९९७ मध्ये त्यांनी तोर्पेदो-झिल या नावाने दुसरा संघ उभा केला. तो वर चढत सर्वोच्च श्रेणीत पोचला, पण पैसा पुरेना. २००३ मध्ये नोरिल्स्क निकेल या खाण कंपनीने तो घेतला, नाव बदलले. २००४ मध्ये पुन्हा बदलून एफसी मॉस्को केले. झिल हे अक्षर गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये खाण कंपनीने पैसे थांबवले आणि नवा हंगाम सुरू होण्याआधीच संघ सर्वोच्च श्रेणीतून बाहेर पडला. महिंद्र युनायटेड आणि झिलच्या कामगारांनी पुन्हा उभा केलेला संघ, दोन्ही मोटार कारखान्यांतून निघालेले, एकाच वर्षी संपले. पुढे झिलमधले उत्पादनही थांबले आणि त्या जमिनीवर उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. परळ-लोअर परळचे टॉवर पाहिलेल्या माणसाला याहून अधिक वर्णनाची गरज नाही.

भारतात २०११ मध्ये जेसीटीचा संघ बंद झाला. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी या नोकरी देणाऱ्या दोन संस्थांचे संघ क्लब परवान्याच्या अटींत बसत नाहीत म्हणून आय-लीगमधून वगळले गेले. या अटी जगभरच्या व्यावसायिक क्लबांसाठी बेतलेल्या होत्या. कर्मचाऱ्यांचा संघ ही कल्पनाच त्यांत मावत नव्हती. २०१६ मध्ये गोव्याचे धेंपो आणि साळगावकर हे खाण-उद्योगातल्या घराण्यांचे संघ आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांनी गोव्याची लीग सोडली नाही. तेथे गाव त्यांच्या मागे होते.

पुण्याने हा बदल फार वेगात पाहिला. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला. महिंद्रला लीग जिंकून देणारे डेरिक परेरा पुढे या संघाचे प्रशिक्षक झाले, २००९-१० मध्ये संघ आय-लीगमध्ये तिसरा आणि २०१२-१३ मध्ये दुसरा आला. २०१५ नंतर तो राहिला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्सने आय-लीगचे दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये निरोप घेतला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला आणि २०१९ मध्ये गेला. बारा वर्षांत चार संघ. चारही संघांचे सामने बालेवाडीत झाले, तेथे प्रेक्षक आले, पोरांनी टी-शर्ट विकत घेतले. यांतल्या एका समूहाचा मुंढव्यात मोठा फोर्जिंगचा कारखाना आहे, पण मैदानावरचे अकरा जण त्या कारखान्यातले नव्हते. म्हणून संघ गेला तेव्हा कारखान्यात काही हलले नाही.

कायद्याच्या वह्या

या स्थित्यंतराच्या मुळाशी हिशेबाची एक बाब आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामगार कल्याणाचे वेगळे प्रकरण होते. अडीचशेहून अधिक कामगार असतील तर कँटीन, दीडशेहून अधिक असतील तर विश्रांतीची खोली, अशा त्यात सक्ती होत्या. खेळाची सक्ती कधीच नव्हती. त्यामुळे मैदान आणि संघ हे मालकाच्या मर्जीवर आणि युनियनच्या रेट्यावर राहिले. राज्याने १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभारला. त्यातून आजचे कामगार कल्याण मंडळ चालते. या मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी मराठी रंगभूमीला किती नट दिले हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. त्याच मंडळाच्या कबड्डी स्पर्धांत कारखान्यांचे संघ उतरत आले. कल्याण या शब्दाचा अर्थ तेव्हा भाकरीपाशी थांबत नव्हता.

२०१३ च्या कंपनी कायद्याने दुसरी वही उघडली. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, असे बंधन आले. मान्य कामांच्या यादीत ग्रामीण खेळ आणि ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षणही आहे. पण जो खर्च आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा आहे, तो या दोन टक्क्यांत धरता येत नाही. नियम योग्य आहे. नाहीतर कंपन्यांनी बोनससुद्धा समाजसेवेत दाखवला असता. परिणाम मात्र असा की, कंपनीने शेजारच्या गावातल्या शाळेला फुटबॉल दिला तर तो सामाजिक जबाबदारीत मोजला जातो, आणि आपल्या कामगारांचा संघ उभा केला तर तो निव्वळ खर्च ठरतो. खेळ कामगाराच्या हक्काच्या शेजारून उठून दानाच्या शेजारी जाऊन बसला.

रांजणगावचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येतो. २०१७ पासून रांजणगावच्या फियाट कारखान्यात जीप कंपास बनते. महिंद्रने १९४७ मध्ये मुंबईत जोडायला घेतली तीच जीप, सत्तर वर्षांनी शिरूर तालुक्यात आली. फियाटचे युव्हेन्टसशी असलेले नाते वर आलेच आहे. याच फियाटच्या मदतीने रशियात वोल्गाकाठच्या तोल्यात्ती शहरात १९७० मध्ये मोटारी बनू लागल्या, आणि त्या कारखान्याच्या शहराचा लाडा-तोल्यात्ती हा संघ १९९४ आणि १९९६ मध्ये रशियाच्या सर्वोच्च श्रेणीत खेळला. म्हणजे जीप आणि फियाट ही दोन्ही नावे फुटबॉलच्या इतिहासातून आलेली आहेत. तरी इथे संघ नाही.

मैदानासाठी जागा नाही असे नाही. खेळाची आवड नाही असे तर मुळीच नाही. यात्रेतल्या कुस्त्या, घाटातल्या बैलगाडा शर्यती आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा यांवर आमच्याकडे भरपूर पैसा लागतो. कारण माझ्या मते साधे आहे. संघ उभा राहायला अकरा माणसे निदान तीन-चार वर्षे एका ठिकाणी राहावी लागतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला पोरगा इथे चौघांत एक खोली घेऊन राहतो. त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, ठेकेदाराच्या यादीत असते. काही महिन्यांनी ठेका बदलतो, गेटपास बदलतो, खोलीही बदलते. बचावफळीतल्या दोघांना एकमेकांच्या हाका कळू लागाव्यात, तोवर त्यांतला एक गावी परतलेला असतो किंवा दुसऱ्या वसाहतीत गेलेला असतो.

मीही काही वर्षे अशाच यादीवर काम केले आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही खेळायचो, पण ज्याला जसा वेळ असेल तसा. त्याला खेळ म्हणता येईल. संघ म्हणता येणार नाही.

दौंडची स्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही, पण रेल्वेने एक गोष्ट सोडली नाही. रेल्वेच्या क्रीडा मंडळाची स्थापना १९२८ ची. खेळाडूंच्या भरतीची रेल्वेची वाट आजही उघडी आहे. रेल्वेचा फुटबॉल संघ संतोष करंडक तीनदा जिंकला. १९६१-६२, १९६४-६५ आणि १९६६-६७ मध्ये. गंमत अशी की, रशियातही कारखान्यांचे संघ बुडाले तेव्हा रेल्वे कामगारांचा लोकोमोतिव मॉस्को तरला. १९३६ मध्ये पहिला सोव्हिएत चषक त्याने जिंकला होता आणि २०१८ मध्ये तो रशियाचा लीगविजेता झाला. रेल्वे खात्याच्या आधारावर तो व्यावसायिक क्लब म्हणून उभा आहे. आपल्याकडची रेल्वे अजून नोकरीच देते. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, पण दोन्हींमागची संस्था एका निवेदनाने नाहीशी होणारी नाही.

कारखान्यांचे संघ जुन्या रूपात परत येतील असे मी मानत नाही. ऑलिंपिकचा हौशीपणाचा नियम गेला, दूरचित्रवाणीचा पैसा आला, चांगल्या खेळाडूला आज करारात जे मिळते ते कारकुनाच्या पगारात मिळणार नाही. पण राष्ट्रीय लीगमध्ये जाणारे काही डझन सोडले, तर उरलेल्या हजारोंसाठी तो जुना व्यवहारच बरा होता. तालुका पातळीवर, वसाहतीतल्या आठ-दहा कारखान्यांची लीग, कायम आणि कंत्राटी दोघांनाही खुली, एवढे तर आजही शक्य आहे. तिला परवाना लागणार नाही आणि ब्राझीलचा खेळाडूही. लागेल ती एवढीच हमी की, जून महिन्यात नाव नोंदवलेला मुलगा पुढच्या मार्चमध्ये इथेच असेल. ही हमी देता येत नसेल, तर अडचण फुटबॉलची नाही, नोकरीची आहे.

सध्या मी दौंडच्या रेल्वे संघांची आणि जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या संघांची छायाचित्रे, प्रमाणपत्रे आणि संघ-याद्या जमवतो आहे. अशी छायाचित्रे बहुधा घरातल्या भिंतीवर, दोन रांगांत उभ्या-बसलेल्या माणसांची असतात; मधल्याच्या पायाशी चेंडू आणि चेंडूवर खडूने लिहिलेले साल. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे छायाचित्र असेल, तर त्याच्या मागच्या बाजूला प्रत्येकाचे नाव, त्याचे खाते आणि तो कोणत्या जागी खेळत असे, हे ठाऊक असलेल्या माणसाकडून विचारून आजच लिहून ठेवावे. विचारण्याजोगी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.